रशियन चिनी मातीचा जनक : दिमित्री विनोग्रादोव्ह

सेंट पीटर्सबर्ग येथील राजवाड्यांतून जतन केलेल्या जुन्या रशियन फुलदाण्यांचीं नुसतीं छायाचित्रें ज्यानें पाहिलीं असतील, त्यालाहि त्यांचा सहसा विसर पडणार नाहीं. कित्येक फुलदाण्या पुरुषभर उंचीच्या आहेत. त्यांच्या कड्या व बैठकी सोन्याचा मुलामा दिलेल्या कांशाच्या आहेत. मान आणि पाय सोन्यानें झळकत असतात. आणि मधल्या फुगीर भागावर, जणूं काय चौकटींत बसविलेली, एखाद्या जुन्या डच किंवा इटालियन चित्राची हुबेहूब नक्कल असते. कोठें कुरणांत चरणारीं गुरें, कोठें शिकारीहून परतणारे घोडेस्वार, तर कोठें सायंकाळच्या उन्हांत न्हालेले पडके मनोरे. पाहणारा चित्रकाराची वाहवा करतो, सोन्याची किंमत मनांतल्या मनांत अजमावतो आणि पुढें जातो. ज्या शुभ्र, कठीण, टिचकी मारली असतां घंटेप्रमाणें वाजणाऱ्या अंगावर तें चित्र चढलेलें असतें, त्या अंगाचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तें अंग रशियांत प्रथम ज्यानें घडविलें, त्या दिमित्री इवानोविच विनोग्रादोव्ह याची हकीकत येथें द्यावयाची आहे.

आज चिनी मातीची कपबशी गरिबाच्या घरींहि असते. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत तिची गणना जडजवाहिराबरोबर होत असे. चिनी लोकांना ही विद्या शेंकडों वर्षें अवगत होती. फादर दांत्रकोल नांवाच्या एका जेझुइट मिशनऱ्यानें चिंगतेचेन गांवच्या भट्ट्या स्वतः पाहून १७१२ व १७२२ सालीं दोन विस्तृत पत्रें स्वदेशीं धाडलीं होतीं, आणि त्यांत या कामाची पुष्कळ माहिती होती. पण नुसत्या माहितीनें भांडें घडत नाहीं. प्रत्येक देशाची माती वेगळी, सरपण वेगळें आणि आंचहि वेगळी. सॅक्सनीचा अधिपति ऑगस्टस यानें बट्गर नांवाच्या एका तरुण किमयागाराला कोंडून ठेवून त्याच्याकडून हें कोडें सोडवून घेतलें, आणि १७१० सालीं माइसेन येथें अस्सल चिनी मातीचा युरोपांतील पहिला कारखाना निघाला. बट्गर १७१९ सालीं वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं मरण पावला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण रशियांतहि पुढें बहुतेक हेंच घडलें.

विनोग्रादोव्हचा जन्म सुमारें १७२० सालीं सुझदल या प्राचीन शहरीं झाला. बाप तेथील ख्रिस्तमंदिरांत धर्मोपदेशक होता. मुलगा बुद्धिमान निघाला म्हणून त्याला मॉस्को येथील स्लाव्ह-ग्रीक-लॅटिन विद्यालयांत घातलें. त्याच विद्यालयांत त्या वेळीं श्वेतसमुद्राच्या बाजूचा एक कोळ्याचा मुलगा शिकत होता. तो वयानें विनोग्रादोव्हहून सुमारें नऊ वर्षांनीं मोठा असून लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिनचीं रूपें घोकीत असे. त्याचें नांव मिखाइल लोमोनोसोव्ह. पुढें रशियन शास्त्राचा आद्य आचार्य म्हणून ज्याची कीर्ति झाली तो हाच. या दोघांचें दैव बराच काळ एकत्र बांधलेलें होतें.

१७३५ सालच्या अखेरीस पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेसाठीं मॉस्कोहून बारा हुषार विद्यार्थी निवडण्यांत आले, त्यांत हे दोघे होते. सैबेरियांत जाणाऱ्या संशोधक मंडळीबरोबर खाणींचें व रसायनाचें ज्ञान असलेला मनुष्य पाहिजे होता, पण तसा मनुष्य रशियांत मिळेना. तेव्हां आपलींच मुलें परदेशीं पाठवून तयार करावींत असें ठरलें, आणि १७३६ सालीं लोमोनोसोव्ह, विनोग्रादोव्ह व राइझर या तिघांची जर्मनींत रवानगी झाली. विनोग्रादोव्ह त्या वेळीं सोळा वर्षांचा होता.

मारबुर्ग येथें क्रिस्टियन वोल्फ या प्रख्यात तत्त्ववेत्त्याच्या हाताखालीं त्यांनीं गणित, पदार्थविज्ञान व रसायन यांचा अभ्यास केला. त्याबरोबरच दुसराहि एक अभ्यास चालला होता, तो म्हणजे कर्ज काढण्याचा! मठासारख्या विद्यालयांतून एकदम मोकळ्या हवेंत आलेलीं हीं पोरें. पट्टा खेळण्याचे, नृत्याचे शिक्षक, नवे पोशाख, मित्रमंडळी, मद्य यांत पैसा पाण्यासारखा गेला. वोल्फ मोठा सहृदय गृहस्थ. त्यानें रागें भरत भरत त्यांना सांभाळलें आणि त्यांच्या सावकारांचीं तोंडें बंद करण्याची खटपटहि केली. १७३९ सालीं तिघेहि सॅक्सनींतील फ्रायबर्ग येथें हेंकेल नांवाच्या खाणशास्त्रज्ञाकडे गेले. येथें मात्र खर्चाच्या किल्ल्या गुरूच्या हातीं होत्या. लोमोनोसोव्ह स्वभावानें तापट. त्याचें व हेंकेलचें वाजलें आणि १७४० सालीं तो गुरूला सोडून निघून गेला. विनोग्रादोव्ह राहिला. खाणींत उतरणें, धातूंचे खडे ओळखणें, ते वितळवून कस काढणें, भट्ट्या बांधणें हें सारें त्यानें चिकाटीनें आत्मसात् केलें. माइसेन तेथून फार दूर नव्हतें. पण तेथील किल्ल्याचीं दारें परक्याला बंद होतीं, आणि चिनी माती हा त्याच्या अभ्यासाचा विषयहि नव्हता.

१७४४ सालीं तो स्वदेशीं परतला. खाणखात्यानें त्याची कसून परीक्षा घेतली आणि तींत उत्तम उतरल्यावरून त्याला खाण-अधिकाऱ्याचा दर्जा दिला. या दर्जाबरोबर कमरेला तलवार बांधण्याचा मान मिळत असे. त्या तलवारीची गोष्ट पुढें येणार आहे.

पीटर दि ग्रेटची कन्या एलिझाबेथ त्या वेळीं सिंहासनावर होती. जें सॅक्सनीच्या राजाकडे आहे तें आपल्याकडेहि असावें ही राजांची हौस तिच्या ठिकाणीं होतीच. तिच्या आज्ञेनें १७४४ सालीं नेवा नदीच्या कांठीं, शहरापासून सहासात मैलांवर, विटांच्या कारखान्याजवळ नवा कारखाना उभारण्याचें ठरलें. कारखान्याची देखरेख बॅरन चेरकासोव्ह या बड्या दरबारी अधिकाऱ्याकडे होती. कसबी माणूस म्हणून स्टॉकहोमहून क्रिस्टोफ हुंगर नांवाच्या जर्मनाला करार करून आणलें होतें. हा हुंगर मोठा बोलघेवडा. माइसेनमध्यें तो सोन्याचें व मिन्याचें काम करीत असे. तेथून पळून तो व्हिएन्नाला गेला, तेथून व्हेनिसला. जेथें जावें तेथें आपणांस चिनी मातीचें रहस्य ठाऊक आहे असें सांगावें आणि पगार ठरवून घ्यावा, असा त्याचा क्रम होता. अशा मनुष्याच्या हाताखालीं विनोग्रादोव्हची नेमणूक झाली. हुंगरनें कांहीं एक न लपवितां त्याला सर्व विद्या शिकवावी असा हुकूम होता. विनोग्रादोव्हला हें काम पसंत आहे किंवा काय, हें कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं.

शिकविण्याजोगें हुंगरजवळ कांहींच नव्हतें. तो माती लपवून मिसळी, खोलीचें दार लावून घेई, आणि भट्टी उघडली कीं आंत करपलेलीं, वाकडीं भांडीं निघत. कांहीं वर्षांच्या अवधींत त्यानें काय केलें तर पांचसहा पेले, तेहि वेडेवांकडे आणि मळकट रंगाचे! अखेर १७४८ सालीं त्याला निरोप मिळाला. पण त्याच्या आधींच विनोग्रादोव्हनें त्याची वाट पाहणें सोडून दिलें होतें. ज्याला गुरु मिळाला नाहीं त्यानें मातीलाच प्रश्न विचारण्यास आरंभ केला.

विनोग्रादोव्हचा मोठेपणा ज्यांत आहे तें हें काम कसें होतें, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. अस्सल चिनी मातीचें भांडें तीन पदार्थांच्या मेळानें होतें. एक शुभ्र माती, ती भांड्याचा आकार धरून ठेवते. दुसरा विरघळणारा दगड, तो प्रचंड आंचेंत कांचेसारखा पाझरून सर्व कण एकजीव करतो. तिसरी गारगोटी, ती अंगाला कठीणपणा देते. विरघळणारा अंश जास्त झाला तर भांडें भट्टींत मेणासारखें बसतें. कमी झाला तर तें कोरडें व सच्छिद्र राहतें. मॉस्कोजवळील ग्झेल गांवची माती, ओरेनबुर्गकडची माती, ओलोनेत्सची गारगोटी आणि विरघळण्यासाठीं जिप्सम जातीचा मऊ दगड, असे जिन्नस विनोग्रादोव्हनें घेतले. हे सर्व त्याच्याच देशांतले होते. तो माती अनेक वेळां पाण्यांत धुई आणि तळाशीं बसलेला अगदीं तलम गाळ तेवढा घेई. गारगोटी लाल होईपर्यंत तापवून थंड पाण्यांत टाकली म्हणजे ती तडकते. मग ती दळून तिचें पीठ करावयाचें. एका मिश्रणांत कशाचा किती भाग घातला, तें किती वेळ भाजलें आणि त्याचें काय झालें, हें तो लिहून ठेवी. मग त्यांतला एकच घटक थोडा बदलून पुनः सर्व पहिल्यापासून. किमयागार व शास्त्रज्ञ यांत भेद आहे तो येथें. बट्गरला कोंडून ठेवावें लागलें, हुंगरनें स्वतःला कोंडून घेतलें. विनोग्रादोव्हनें वही उघडली.

मिश्रण साधलें तरी भट्टी साधली पाहिजे. तेराशें अंशांच्या वर आंच जावयाची. तेवढी मोजणारें यंत्र त्या काळीं नव्हतें. ज्वाळेचा रंग पाहावा आणि मधून मधून एखादा नमुन्याचा तुकडा बाहेर काढून पारखावा, एवढाच आधार. साध्या विटा त्या आंचेंत टिकत नाहींत, म्हणून विटाहि त्यालाच शोधून काढाव्या लागल्या. शिवाय हें भांडें भाजतांना जागच्या जागीं आकसतें, सुमारें सहाव्या सातव्या हिश्श्यानें. एका बाजूला आंच अधिक लागली कीं तें कलंडलेंच.

१७४७ च्या सुमारास त्याला यश आलें. आज उपलब्ध असलेल्या त्याच्या भांड्यांपैकीं सर्वांत जुनें, साल घातलेलें भांडें १७४९ चें आहे. तो एक बिनकानाचा लहानसा पेला आहे. त्याच्यावर रंग नाहीं कीं सोनें नाहीं. पांढऱ्या अंगावर पांढऱ्याच मातीची द्राक्षवेल उठविलेली आहे. रशियन भाषेंत विनोग्राद म्हणजे द्राक्ष. कारागिरानें आपल्या नांवाची अशी सूचक निशाणी केली असावी, असें मला वाटतें. त्याच्या भांड्यांच्या बुडाशीं पुष्कळदां त्याच्या नांवाचें पहिलें अक्षर, रोमन लिपींतील डब्ल्यू, आढळतें.

भट्टी लहान, म्हणून भांडींहि लहान. पेले, तपकिरीच्या डब्या, सुऱ्यांच्या मुठी, गुंड्या, असल्या वस्तू होत होत्या. महाराणीला तपकिरीच्या डब्या फार आवडत. त्यांतली एक जात तर लखोट्याच्या आकाराची असे. वर पत्ता लिहिलेला आणि मोहोर काढलेली, पाहणाराला खरें पत्रच वाटावें. कांहीं डब्यांच्या झांकणांवर चिमुकले देखावे रंगविलेले असत. पुढच्या शतकांतील पुरुषभर उंचीच्या फुलदाण्यांवर जीं चित्रें शोभलीं, त्यांचा रशियांतील उगम असा तळहाताएवढ्या झांकणावर झाला आहे. हे रंगहि विनोग्रादोव्हनेंच तयार केले. कागदावरचा रंग जसा दिसतो तसाच राहतो. येथें मात्र धातूंचीं भस्में आंचेंत टाकावयाचीं, आणि बाहेर येईपर्यंत काय रंग येईल याचा भरंवसा नाहीं. जांभळा रंग सोन्यापासून होतो. प्रत्येक रंगाची आंच निराळी, आणि झिलईवर तो असा बसला पाहिजे कीं पुढें टवका उडूं नये.

आतां या चरित्राचा दुःखद भाग आला. विनोग्रादोव्हला मद्याचें व्यसन होतें. तें मारबुर्गलाच लागलें असेल किंवा नेवाच्या कांठच्या एकाकी धुरकट कारखान्यांत वाढलें असेल. पण होतें यांत संशय नाहीं, आणि तें झांकण्याचें कारणहि नाहीं. कधीं तो कामावरून नाहींसा होई, तर कधीं वरिष्ठांशीं भांडे. परंतु चेरकासोव्हनें यावर जो उपाय केला तो व्यसनाचा नव्हता, मनुष्याचा होता. रहस्य एकट्याला ठाऊक. तो पळाला किंवा मेला तर महाराणीची चिनी माती बुडाली, ही त्याची खरी भीति. म्हणून विनोग्रादोव्हवर पहारा बसला. पगार त्याच्या हातीं पडेना. भट्टी पेटलेली असेल तेव्हां त्यानें भट्टीजवळच झोंपावें असा निर्बंध आला. त्याची तलवार काढून घेण्यांत आली, आणि ज्या दर्जासाठीं त्यानें जर्मनींत आठ वर्षें काढलीं तो दर्जा नांवापुरता उरला. पुढें पुढें त्याला मारहाण झाल्याची व सांखळीनें जखडून ठेवल्याचीहि हकीकत आहे. त्याचा सहाध्यायी लोमोनोसोव्ह १७४५ सालींच विद्वत्सभेंत रसायनाचा अध्यापक झाला होता आणि १७४८ सालीं त्याला स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली होती. दोघांच्या शहरांत अंतर काय तें सहासात मैलांचें!

अशा स्थितींत १७५२ सालीं त्यानें शुद्ध चिनी माती रशियांत कशी करतात याचें सविस्तर वर्णन लिहून काढलें. त्याचीं जुनीं टिपणें लॅटिन, जर्मन, हिब्रू अशा भाषांच्या खिचडींत, दुसऱ्याला कळूं नयेत अशीं लिहिलेलीं होतीं. आतां मात्र तें ज्ञान त्याला वरिष्ठांसाठीं उलगडून मांडावें लागलें, आणि निकिता वोइनोव्ह नांवाच्या आपल्या शागीर्दाला हातानें शिकवावें लागलें. कैद्यानें आपल्या खोलीची किल्ली स्वतःच घडवून पहारेकऱ्याच्या हातीं द्यावी, असा हा प्रकार होता. ती दिल्यावर त्याची गरज उरणार नव्हती, हें त्याला कळत नसेल असें कोण म्हणेल? तरी त्या लिखाणांत त्यानें कसूर ठेवली नाहीं. माती धुण्यापासून भट्टी विझविण्यापर्यंत सर्व त्यांत आहे.

१७५६ सालीं त्यानें मोठी भट्टी उभी केली. त्यामुळें मोठीं भांडीं भाजण्याची सोय प्रथमच झाली, आणि एलिझाबेथसाठीं भोजनाच्या भांड्यांचा एक संपूर्ण संच करण्यास आरंभ झाला. त्या ताटांवर सोन्याची जाळी असून जाळीच्या गांठींवर गुलाबी-जांभळीं फुलें आहेत. रशियन चिनी मातीचा पहिला मोठा संच म्हणून तो आजहि नांवाजला जातो. विनोग्रादोव्हला त्याचा फार काळ लाभ झाला नाहीं. १७५८ च्या ऑगस्ट महिन्यांत तो आजारी पडला आणि त्याच महिन्यांत वारला. वय अडतिसाच्या आसपास. कारखाना मात्र एक दिवसहि अडला नाहीं. वोइनोव्हला सर्व येत होतें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १७६५ सालीं कॅथराइन राणीनें कारखान्याची नवी व्यवस्था लावून त्याला बादशाही कारखाना असें नांव दिलें. पहिल्या निकोलसच्या अमदानींत, म्हणजे १८२५ ते १८५५ या काळांत, त्या प्रचंड चित्रमय फुलदाण्यांची परमावधि झाली. एक फुलदाणी एका वेळीं भाजत नसत. पाय, पोट, मान असे भाग निरनिराळे भाजून कांशाच्या कड्यांनीं जोडीत. चित्रकार राजसंग्रहांतील तैलचित्र समोर ठेवून महिनोन्महिने नक्कल करी, आणि रंगाचे थर चढतील तसतशी ती पुनः पुनः आंचेंत जाई. नाताळ व ईस्टर या सणांना नव्या फुलदाण्या बादशहाला नजर होत, आणि परदेशच्या राजांना भेटी म्हणूनहि त्या धाडल्या जात. मधल्या काळांत मिश्रणांत फेरफार झाले, भट्ट्या सुधारल्या. पण रशियन भट्टींत चिनी माती होऊं शकते हा प्रश्न पुनः कोणाला सोडवावा लागला नाहीं.

१९१८ सालीं कारखाना सरकारजमा झाला. १९२५ सालीं विद्वत्सभेला दोनशें वर्षें पूर्ण झालीं, त्या निमित्तानें त्याचें नवें नामकरण करण्यांत आलें, आणि त्याला लोमोनोसोव्हचें नांव मिळालें. लोमोनोसोव्ह त्या मानास सर्वथा पात्र होता. कांच आणि चिनी माती या विषयांवर त्यानेंहि प्रयोग केले होते. पण नेवाच्या कांठच्या त्या भट्टीजवळ रात्री काढल्या त्या त्याच्या बाकावरच्या सोबत्यानें. २००५ सालीं कारखान्याला त्याचें जुनें बादशाही नांव परत देण्यांत आलें. विनोग्रादोव्हवर बेझबोरोदोव्ह या रशियन संशोधकानें १९५० सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हां त्याच्या मृत्यूला एकशें ब्याण्णव वर्षें होऊन गेलीं होतीं.